द्राक्षांचं नाव न घेता काखेती कसं दाखवता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत हल्ली जॉर्जियावर बरंच येतं (देश जॉर्जिया, अमेरिकेतलं राज्य नाही, हे सांगावं लागतं अजून) आणि मी ते सगळं आवडीने वाचते. राजधानी तिबिलिसीची जुनी गल्ली झाली, काझबेगीचा बर्फ झाला, मग शेवटच्या चार ओळीत काखेती हा पूर्वेकडचा वाइनचा प्रांत येतो, 'एक दिवस वाइन टूर, सहा प्रकारच्या वाइन चाखा, फोटो काढा', आणि संपलं. सहा प्रकार कसले? त्यात एका द्राक्षाचंही नाव नसतं हो. जॉर्जियातली बहुतेक वाइनची द्राक्षं जिथे पिकतात त्या भागाबद्दल लिहिताना द्राक्षच गाळायचं, हे मला काही पटत नाही.

सहा ग्लास घेऊन वाइनचा प्रदेश कळत नाही, तिसऱ्यानंतर जीभ थकते आणि गाइड काय बोलतोय ते पण कानावरून जातं. माझ्या टूरवाल्याने तर कुठलं द्राक्ष विचारल्यावर 'व्हाइट' असं उत्तर दिलं. त्यापेक्षा दोनच द्राक्षं धरा, एक पांढरं एक काळं, र्कात्सितेली आणि सापेरावी, आणि प्रत्येक दोन तऱ्हेने केलेलं चाखा. चारच ग्लास, पण अर्धं काखेती समजतं, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे.

आधी सापेरावी. काळ्या द्राक्षांचा गर बहुतेक वेळा पांढुरका असतो, रंग सगळा सालीत, पण सापेरावीचा गरच लालसर, वेलीखाली उभं राहून एक मणी बोटात दाबला की बोटं रंगतात. म्हणून तिची वाइन इतकी गडद, आणि आंबटपणाही भरपूर असल्यामुळे ती मुरवली तर टिकते. आता गंमत बघा, अलाझानी नदीचं खोरं, उत्तरेला कॉकेशसची भिंत, दुसऱ्या बाजूला गोम्बोरीच्या टेकड्या. नदीच्या उजव्या काठाकडे मुकुझानी गाव, तिथली सापेरावी पूर्ण आंबवून ओकच्या पिंपात मुरवतात, कोरडी आणि भारदस्त वाइन. डाव्या काठाला क्वारेलीजवळ, जिथे दुरुजी नदी डोंगरातून काळी पाटीच्या दगडाची माती आणून टाकते, तिथे किंझमराउली नावाची वाइन होते, त्याच सापेरावीची, पण आंबणं मधेच थंड करून थांबवतात म्हणून द्राक्षाची थोडी साखर शिल्लक राहते आणि वाइन गोडसर लागते. साखर वरून घातलेली नसते, हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडचे लोक ती पिऊन 'सिरप मिसळलंय' म्हणतात. दोन्ही बाटल्यांवर जागेचं नाव असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं ही दोन वेगळी द्राक्षं. एका चौकटीत एवढं छापलंत तरी किती गोंधळ वाचेल!

र्कात्सितेलीचं तर अजून मजेदार. एकीकडे त्सिनानदाली नावाची वाइन, त्यात मुख्य र्कात्सितेली आणि फार तर १५ टक्के म्त्स्वाने नावाचं द्राक्ष, रस सालीपासून वेगळा करून केलेली फिकट, हलकी, युरोपी वळणाची वाइन. त्सिनानदाली गावात चावचावाद्जे सरदारांची वाडी आहे, युरोपी पद्धत या भागात रुजली त्यात १९ व्या शतकातल्या या वाडीचा मोठा हात. आणि दुसरीकडे तेच द्राक्ष क्वेवरीत. क्वेवरी म्हणजे गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला भलामोठा अंडाकृती रांजण, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला. काखेतीत रसासोबत साल, बिया आणि देठसुद्धा आत टाकतात, आंबताना वर येणारा चोथा रोज खाली दाबतात, मग तोंड बंद करून पाच-सहा महिने ठेवून देतात. जमीन तापमान सांभाळते, फ्रिज नको काही नको. वसंतात उघडलं की पांढऱ्या द्राक्षाची वाइन निघते मधासारख्या रंगाची आणि तोंडात कडक चहाइतकी तुरट. पहिल्या घोटाला बऱ्याच जणांना आवडत नाही, मला आवडली, पण जेवणासोबत, नुसती नाही. ही पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. आणि क्वेवरी बनवणारे कुंभार बघायचे तर तेलावीजवळचं वार्दिसुबानी गाव आहे, ते तुमच्या एकाही लेखात नाही. टूरच्या बसा तिथे थांबत नाहीत म्हणूनच बहुतेक.

देशात ५०० च्या वर देशी जाती सांगतात मग सगळीकडे ही दोनच का दिसतात, असा प्रश्न पडतोच. सोव्हिएत काळात हिशोब टनांचा होता, त्यामुळे भरवशाने पिकणाऱ्या जाती लावल्या आणि किसी, खिख्वी वगैरे मागे पडल्या. मग १९८५ ची गोर्बाचेव्हची दारूविरोधी मोहीम, तिच्यात बागाच उपटल्या गेल्या. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली, ती २०१३ पर्यंत, आणि निर्यातीचं मोठं गिऱ्हाईकच गेलं. त्या वर्षांत तिथल्या लोकांनी दुसऱ्या देशांत गिऱ्हाईक शोधलं, माल सुधारला. आज किसीची बाटली सहज मिळते, जरूर घ्या, मला तर ती र्कात्सितेलीहून सरस वाटते पण हे मत माझं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या लेखात हॉटेलचे फोटो दोन कमी करा आणि खोऱ्याचा नकाशा टाका, नदी, दोन काठ, गावं आणि कुठे कुठलं द्राक्ष. जायचं कधी तेही लिहा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी असते, र्त्वेली म्हणतात, तेव्हा घराघरात काम चालू असतं, फेब्रुवारीत गेलात तर बंद क्वेवरीची झाकणं बघून परत याल.

आणि हो, तुमच्या लेखांतली '८००० वर्षांची काखेतीची वाइन' ही ओळ कृपया बदला. २०१७ मध्ये ज्या मडक्यांच्या तुकड्यांत वाइनचे अंश सापडल्याचं जाहीर झालं, ती गदाच्रिली गोरा आणि शुलावेरीस गोरा ही ठिकाणं तिबिलिसीच्या दक्षिणेला क्वेमो कार्तलीत आहेत, काखेतीत नाहीत. नकाशा काढालच तर ती दोन ठिकाणं पण दाखवा.

आपली,
एक नियमित वाचक