ब्रिसेइसचे बोलणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या पत्रात तुम्ही विचारले होते की होमरची महाकाव्ये अडीच हजार वर्षांहून अधिक काळ टिकून असताना आजच्या लेखिकांनी त्यांतल्या स्त्रियांच्या तोंडी नवे शब्द का घालावेत, आणि हा मूळ ग्रंथावर अन्याय नव्हे काय. फोनवर उत्तर देऊन मोकळे व्हावे असा हा प्रश्न नव्हे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ट्रॉय नगरीच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’चा सगळा डोलारा एका स्त्रीवरून झालेल्या भांडणावर उभा आहे. ग्रीक वीर अकिलीजने एक नगर लुटले, तिथल्या ब्रिसेइसच्या नवऱ्याला आणि तीन भावांना मारले आणि ती लुटीतला वाटा म्हणून त्याच्या पदरी पडली. पुढे ग्रीकांचा सेनापती अॅगमेम्नॉन याने तिला हिसकावून नेले आणि अकिलीज रुसून युद्धातून बाजूला झाला. काव्याच्या पंधरा हजारांहून अधिक ओळींत ब्रिसेइस बोलते ती थेट एकोणिसाव्या सर्गात, अकिलीजचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतापाशी, आणि तीही जेमतेम चौदा-पंधरा ओळी. आईवडिलांनी ज्याच्या हाती मला सोपवले तो माझ्या डोळ्यांदेखत मेला, माझे सख्खे भाऊ मेले, तेव्हा तू मला रडू दिले नाहीस, अकिलीजशी तुझे रीतसर लग्न लावून देईन म्हणालास, असे ती त्या मृताला सांगते. त्यानंतर होमर म्हणतो की भोवतीच्या बायकाही रडू लागल्या, वरवर पॅट्रोक्लससाठी, पण प्रत्येक जण आपापल्या दुःखासाठी. हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. त्या बायकांची दुःखे कोणती, हे होमर सांगत नाही. मात्र ती आहेत, हे त्याला पुरते ठाऊक आहे.

पॅट बार्करची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ ही 2018 सालची कादंबरी नेमकी तेवढ्याच जागेतून सुरू होते, असे मला वाटते. छावणीतल्या बायका पाणी तापवतात, जखमा धुतात, माग चालवतात, वाढप करतात आणि ज्यांनी आपली माणसे मारली त्यांच्याच अंथरुणात रात्री जातात. ‘इलियड’च्या अखेरच्या सर्गात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, अकिलीजच्या ज्या हातांनी आपली मुले मारली तेच हात चुंबतो, या प्रसंगाच्या थोरवीविषयी कुणाचे दुमत नाही. बार्करची ब्रिसेइस तिथेच उभी राहून हे ऐकते आणि तिच्या मनात येते की असंख्य बायकांना तर आपल्या नवऱ्याच्या आणि भावांच्या मारेकऱ्याला स्वतःचे शरीर द्यावे लागले आहे. बाबा, यात प्रायमचे दुःख तसूभरही उणे होत नाही. त्याच्या शेजारी दुसरे एक दुःख येऊन उभे राहते, इतकेच. याच कादंबरीत मध्येच अकिलीजच्या मनातले विचार येतात, आणि ते काहींना खटकले. मला मात्र त्यात प्रामाणिकपणा दिसतो, कारण कथा आपली नसून त्याची आहे आणि आपण तिच्यात अडकलो आहोत, हे ब्रिसेइसला कळून चुकलेले असते.

मार्गारेट अॅटवुडने 2005 साली ‘द पेनेलोपियाड’मध्ये होमरच्याच ‘ओडिसी’तल्या त्या बारा दासींना बोलते केले, ज्यांच्याकडून आधी दिवाणखान्यात मारल्या गेलेल्या पुरुषांचे रक्त पुसून घेतले जाते आणि मग त्यांना फासावर लटकवले जाते. मॅडेलिन मिलरच्या ‘सर्सी’ या कादंबरीतली सर्सी चेटकीण म्हणून प्रसिद्ध आहे, परंतु आई, तुला त्यातला सगळ्यात जवळचा भाग वाटेल तो निर्जन बेटावर एकटीने एक हट्टी, रडवे तान्हे मूल वाढवण्याचा; शौर्यकथांत या कामाला जागाच नसते.

या लाटेतल्या सगळ्याच कादंबऱ्या अशा नाहीत. काहींमध्ये प्राचीन काळची राजकन्या आजच्या सुशिक्षित तरुणीसारखी भाषणे करते, देवांचे भय तिला शिवतही नाही आणि भोवतीचे सगळे पुरुष एकाच साच्यातले दुष्ट असतात. अशा ठिकाणी तुमचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, कारण तिथे मूळ काव्य न ऐकताच त्याला उत्तर दिलेले असते. मात्र हा उद्योग आजचा आहे, असे समजू नये. ग्रीक नाटककार युरिपिडीसने इसवी सनापूर्वी 415 मध्ये ट्रॉयच्या बंदिवान स्त्रियांवर अख्खे नाटक रचले, आणि रोमन कवी ओव्हिडने तर ब्रिसेइसने अकिलीजला लिहिलेले पत्रच कल्पिले.

शिवाय इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आपल्या घरी तुम्हीच मला वाचायला दिले होते. गांधारीच्या पट्टीमागे पतिभक्तीऐवजी फसवल्या गेल्याचा संताप पाहणारे ते लेखन तुम्हाला महाभारतावरचा अन्याय वाटले नाही. उलट त्यानंतर तुम्ही महाभारत अधिक बारकाईने वाचू लागलात. बार्करच्या पुस्तकाने माझे ‘इलियड’च्या बाबतीत तसेच झाले.

ते पुस्तक कुरिअरने पाठवत आहे. त्यात हिंसा बरीच आहे, आणि आई, काही पाने तुला जड जातील; ती वगळून पुढे गेलीस तरी चालेल. बाबा, तुम्ही मात्र आधी ‘इलियड’चा एकोणिसावा सर्ग वाचा आणि मगच कादंबरी हाती घ्या. तुमचे मत विरुद्ध पडले तरी मला सविस्तर हवे आहे.

तुमची,
लेक