मीटररूम ते पार्किंग : ३८ मीटर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विजेच्या मोटारींचा विषय निघाला की चर्चा हायवेवर चार्जर किती आणि एकदा चार्ज केली की गाडी किती धावते, यापुढे सरकत नाही. माझी गाडी अडली आहे ती कोथरूडमध्ये, आमच्याच सोसायटीच्या मीटररूमपाशी.

आयटीआयमध्ये ३१ वर्षं वीजतंत्रीच्या पोरांना शिकवून मी निवृत्त झालो. गेल्या पाडव्याला ३० युनिट बॅटरीची लहान गाडी घेतली. इमारत १९९४ ची, फ्लॅट २४. मीटररूम एका टोकाला, माझं पार्किंग दुसऱ्या टोकाला. मधल्या ३८ मीटर केबलसाठी ना-हरकत पत्र मागतो आहे. दोन सभा झाल्या. पहिल्या सभेत ‘एकट्यासाठी पॅसेज खोदायचा का’, दुसऱ्या सभेत ‘आग लागली तर?’

हे सारं आडमुठेपण आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. बॅटरी पेटली तर जिन्याखालच्या लाल सिलिंडरने विझत नाही, हे खरं आहे. (पेट्रोलने भरलेल्या अठरा टाक्या तिथेच उभ्या असतात, हेही खरं.) आणि खरी अडचण सभेत कुणी काढलीच नाही, ती मीच सांगतो. इमारतीची मुख्य केबल ट्यूबलाइट, पंखे, फ्रिज धरून टाकलेली. त्यावर आता एसी आले. उद्या दहा जणांनी रात्री साध्या चार्जरवर गाड्या लावल्या, तर ३० किलोवॅटच्या वर जादा भार. तो भार ती केबल पेलणार नाही.

नाइलाजाने महिनाभर पार्किंगमधल्या पंपाच्या जुन्या १५ अँपियरच्या सॉकेटवर, सेक्रेटरींना सांगून, गाडी लावली. एका सकाळी पिन उपसताना प्लास्टिक हाताला चिकटून आलं. गिझरही भरपूर करंट खेचतो, पण पंधरा मिनिटांत थांबतो. गाडी दहा तास खेचते. सैल सॉकेट एवढा वेळ तग धरत नाही. पोरांना हेच शिकवत आलो आणि स्वतः विसरलो.

मे महिन्यात गुहागरजवळ बहिणीकडे गेलो. कुंभार्ली घाट उतरताना बॅटरी थोडी भरतेसुद्धा, मजा वाटते. रात्री चार्जर लावला तर लाल दिवा. अर्थिंग नाही! जांभ्यात आधीच अर्थिंग चांगलं मिळत नाही, त्यात खड्डा उन्हाने कोरडाठाक. मीठ-कोळसा भरून दोन कळशा पाणी ओतलं, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. भाचा म्हणाला, “मामा, गाडीला नैवेद्य दाखवताय का?” परतीच्या वाटेवर चार्जर सापडला, पण आधी त्यांचं ॲप, मग त्यात आगाऊ पैसे. तीन कंपन्यांकडे माझे थोडे थोडे पैसे पडून आहेत.

२०१९ मध्ये केंद्राने आदर्श इमारत नियमांत नव्या इमारतींच्या पार्किंगमध्ये २० टक्के जागी चार्जिंगची सोय सुचवली. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने द्रुतगती मार्ग, अटल सेतू, समृद्धीवर टोलमाफी दिली. दोन्ही चांगलंच. पण पुण्या-मुंबईतला मोठा वर्ग जुन्या इमारतींत राहतो. माझ्यासारखा निवृत्त माणूस अटल सेतूवर जातो किती वेळा? त्यापेक्षा जुन्या सोसायट्यांना मुख्य केबल आणि पॅनेल बदलायला अर्धा खर्च द्या. गाड्यांना आळीपाळीने वीज सोडणारं पॅनेल बसवलं तर भारही आवाक्यात राहतो. त्यात अवघड काही नाही.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत माझा अर्ज तिसऱ्यांदा येईल. तोवर आठवड्यातून दोनदा गाडी कर्वेनगरला पुतण्याच्या बंगल्यात लावतो आणि रिक्षाने घरी येतो. रिक्षा सीएनजीची असते.

– एक निवृत्त शिल्प निदेशक, कोथरूड, पुणे