गिटार डाव्या हातावर असते, साहेब

महोदय,

परवाच्या पुरवणीतला अमेरिकी गायिका-गीतकार ल्युसिंडा विल्यम्स यांच्यावरचा लेख वाचला. कंट्री आणि ब्लूज या अमेरिकी गानप्रकारांवर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून आधी आभार. ते इथेच संपले.

‘स्ट्रोकवर मात करून त्यांनी पुन्हा गिटार हाती घेतली’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक अक्षरांत छापले आहे. वाचायला छान आहे, पण तसे घडलेले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी झाली आणि शरीराची डावी बाजू अधू झाली. गिटारवर उजवा हात नुसता तार छेडतो. सूर कुठला निघणार हे डावा ठरवतो. ‘ई’ या स्वरातला अगदी शिकाऊ ब्लूज घ्या. पहिले बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरचा पडदा) रोवायचे आणि तिसरे बोट एकाआड एक ठोक्याला चौथ्या फ्रेटवर टेकवून उचलायचे. मग स्वरमेळ (कॉर्ड) बदलत जायचे: चार बार, म्हणजे चार ठोक्यांची चार आवर्तने, ई, दोन ए, दोन ई, मग बी सेव्हन, ए आणि शेवटी दोन ई, असे बारा. बोट उचलायला उशीर झाला की ठेका लंगडतो, दाब कमी पडला की तार भणभणते. मिरजेच्या कुठल्याही सतारियाला विचारा, मींड कुठल्या हाताने काढतात ते.

२०२३ चा अल्बम आला तेव्हाही त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. मंचावर त्या गातात, वाजवतात साथीदार. आधी गिटार घेऊन एकट्याने गाणी बांधणाऱ्या बाई या अल्बमसाठी पती टॉम ओव्हरबी, जेसी मालिन आणि ट्रॅव्हिस स्टीफन्स यांच्यासोबत लिहायला बसल्या. जिद्द दाखवायची होती तर ती इथे होती. स्ट्रोकच्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, टोर्नाडोने त्यांच्या नॅशव्हिलच्या घराची नासधूस केली होती, त्याचा लेखात पत्ताच नाही.

ब्लूजला ‘रडगाणे’ म्हणणाऱ्यांनी तिसरी ओळ ऐकलेली नसते. पहिल्या ओळीत गाऱ्हाणे, दुसरीत तेच पुन्हा, आणि तिसरीत उत्तर, बरेचदा टोमणाच. आणि १९७९ च्या पहिल्या अल्बममधली गाणी ‘स्वानुभवाची’ कशी? तो सगळा दुसऱ्यांच्या गाण्यांचा आहे: रॉबर्ट जॉन्सन, मेम्फिस मिनी, हँक विल्यम्स. (हँक यांच्याशी नाते फक्त आडनावाचे. वडील मिलर विल्यम्स, कवी.)

१९९८ च्या अल्बमआधीची सहा वर्षे लेखकाने ‘आळसात’ घालवली आहेत. म्हणजे बाईंनी नव्हे, लेखकानेच. तो अल्बम ऑस्टिनमध्ये ध्वनिमुद्रित झाला, मग नॅशव्हिलमध्ये नव्याने, आणि लॉस एंजेलिसला रॉय बिटन यांच्या हातून पुरा झाला. त्याचे नाव ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’. त्यातल्या ‘ग्रॅव्हल रोड’चे ‘थडग्याची वाट’ कुणी केले? ग्रॅव्हल म्हणजे खडी. गाडीच्या मागच्या सीटवर बसलेल्या लहान पोरीला टायरखाली ऐकू येते ती खडी. त्याच नावाचे गाणे ऐकून वडिलांनी लेकीची माफी मागितली होती. थडगे कुठून आले?

जाता जाता, फोटोही उलटा छापला आहे. गिटारच्या डोक्यावरचे कंपनीचे नाव आरशात धरल्याशिवाय वाचता येत नाही. त्यामुळे तुमच्या पानावर तरी बाई डाव्या हातानेच तार छेडत आहेत.

आपला,
एक वाचक, मिरज