दूध संस्थांचे काटे 10 मिलीचेच हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राधानगरी तालुक्यातल्या एका गाव दूध संस्थेचा मी सचिव आहे. आमच्याकडे उसाचे पैसे यायचे तेव्हा येतात. घर चालतं ते दर दहा दिवसांच्या दूध बिलावर. हे बिल आता पूर्णपणे संगणकावर निघतं, म्हणून हे पत्र.

पूर्वी नमुन्याच्या बाटल्या भरून ठेवायच्या, ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि अमाईल अल्कोहोल घालून मशीन फिरवायचं, मग फॅट वहीत चढवायची. आपली फॅट किती लागली हे दूध घालणाऱ्या बाईला पुढच्या वेळी कळायचं. टेस्टरवर संशय, त्यातून भांडणं, आणि गावात दुसरी संस्था. आता काटा, फॅट मशीन आणि संगणक एकमेकांना जोडलेत. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर छापलेली चिठ्ठी जागेवर हातात पडते. बिल बँकेत जमा होतं, त्यामुळे म्हशीसाठी कर्ज मागताना बायका खात्याचा उताराच पुढे ठेवतात. लहान संस्था टिकून आहेत त्या या भरवशावर, असं माझं ठाम मत आहे.

पण काटा जो आकडा पाठवेल, तोच संगणक मांडणार. कित्येक ठिकाणी काटे अजून 100 मिलीवर लावलेले आहेत, म्हणजे 100 मिलीच्या आतलं दूध ते धरतच नाहीत. दूध 3 लिटर 960 मिली असलं तरी चिठ्ठीवर 3.9 च उमटतं. दर वेळी सरासरी 50 मिली गेलं असं धरा. दोन वेळचं मिळून वर्षात 730 वेळा, म्हणजे साडेछत्तीस लिटर. दिवसाला पाच लिटर देणाऱ्या म्हशीचं हे आठवड्याहून जास्त दूध झालं, आणि तिला वैरण-पेंड तर त्या आठवड्यातही लागतेच. मोठ्या गोठ्यापेक्षा एका म्हशीवर संसार असलेल्या घराला हे जास्त लागतं, कारण मिलीचा तोटा दोघांचा सारखाच असतो.

दूध सांडतं, भांड्याला राहतं, आम्ही ते ज्या दूध संघाला पाठवतो त्याच्याकडे जाताना घट येते, असं यावर सांगितलं जातं. घट असेल तर ती खर्चात दाखवा, वार्षिक सभेत मांडा. उत्पादकाच्या मापातून परस्पर का काढता? आमच्या संस्थेनं 10 मिलीचा काटा लावला. रांग वाढली नाही, संकलन अडलं नाही.

फॅट मशीनचंही तेच. दुधाला फेस असला, नळी नीट धुतली नसली की आकडा सरकतो. जर्बर पद्धतीनं, म्हणजे त्याच जुन्या अ‍ॅसिडच्या पद्धतीनं, अधूनमधून पडताळा घेऊन तो फलकावर लावायला हवा.

वजन-मापं तपासणाऱ्या वैधमापन विभागानं, संस्था दिवाळीचं फरक बिल (वर्षभराच्या दुधावरचा जादा दर) काढण्याआधी गावोगावचे काटे तपासावेत. ही तपासणी सकाळच्या संकलनाच्या वेळी, दूध घालणाऱ्यांच्या समोर व्हावी.

आपला,
एका दूध संस्थेचा सचिव
ता. राधानगरी, जि. कोल्हापूर