सांतियागोहून आत्याला पत्र

सांतियागो, चिली

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

इथल्या स्मृती संग्रहालयात जे पाहिलं ते गोधडी शिवणाऱ्या माणसालाच सांगावं असं वाटलं, म्हणून हे पत्र खास तुला.

गोणपाटावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून केलेली चित्रं. इथे त्यांना आर्पियेरा म्हणतात. मागे अँडीजचे डोंगर, वर सूर्य, खाली वस्तीतली घरं आणि चिंध्यांच्या बोटभर बाहुल्या. रंग इतके प्रसन्न की लहान मुलांसाठी केलंय असं वाटावं. जवळ गेले तर बाहुल्यांच्या हातात फलक : ‘ते कुठे आहेत?’

11 सप्टेंबर 1973 ला जनरल पिनोशेने लोकांनी निवडलेलं सरकार उलथवलं. 1990 पर्यंत लष्करी राजवट चालली. तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा गायब झाली. घरातून उचलून नेलेला माणूस आमच्याकडे नाहीच, असं सरकार तोंडावर सांगायचं. त्यांच्या बायका, आया, बहिणी चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून शिवू लागल्या. 1976 मध्ये कार्डिनल सिल्वा एन्रिकेस यांनी ‘विकारिआ दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था काढली. तिच्यामार्फत ही चित्रं गुपचूप देशाबाहेर जाऊन विकली जायची. कमावता माणूस गेलेल्या घरांत त्यावर चूल पेटायची.

काहींनी तर बेपत्ता माणसाचेच कपडे कापून बाहुल्यांना घातले. आत्या, नवऱ्याच्या शर्टाला कात्री लावायची म्हणजे तो परत येणार नाही हे मनाशी कबूल करायचं. कसं केलं असेल गं त्यांनी?

चित्राखाली नाव नसतं, कारण नाव कळलं तर जिवावर बेतायचं. काहींच्या पाठीला मात्र छोटा खिसा असतो आणि त्यात चिठ्ठी. 1978 मध्ये सांतियागोजवळच्या लोंकेन गावात चुन्याच्या भट्ट्यांत 15 बेपत्ता माणसांचे अवशेष सापडले, तर त्या भट्ट्याही गोणपाटावर आल्या. बायकांचं शिवणकाम म्हणून सुरुवातीला कुणी संशय घेतला नाही. वर्तमानपत्रांवर पहारा होता, सुईवर नव्हता. याला नुसती हस्तकला म्हणणं मला पटत नाही. कोर्टात ठेवावा असा हा पुरावा आहे.

दादाच्या मोबाइलवर फोटो पाठवलेत, मोठे करून बघ. कडेची लोकरीची किनार क्रोशाची आहे एवढं मला ओळखता आलं. बाहुल्यांचे हात कापडापासून सुटे कसे उभे राहतात, ते तू पाहून कळव.

आतोबांना नमस्कार.

तुझी,
सुमी