कार्ड विकण्याआधी कॅबिनेट उघडा

महोदय,

शिवाजी उद्यमनगरात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. अँपिअर आणि वायरचा गेज यातच माझं आयुष्य गेलं. आपल्या शहरात ग्राफिक्स कार्डं, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमचं चित्र उमटवणारी कार्डं, कशी विकली जातात हे नुकतंच जवळून पाहिलं आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या पुतण्याचा गेमिंगचा कॉम्प्युटर माझ्या थोरल्या भावाने 2014 साली जोडून घेतलेला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, त्यात जीटीएक्स 750 टीआय हे ग्राफिक्स कार्ड. ऑक्टोबर 2025 नंतर एनव्हिडिया कंपनीने या कार्डासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, काढणं थांबवलं, तेव्हा पोराने कार्ड बदलायचा हट्ट धरला. हट्ट रास्तच होता. एका दुकानदाराने सांगितलं, अख्खा कॉम्प्युटरच बदला. दुसऱ्याने 8 पिनची वेगळी वीजजोडणी लागणारं मोठं कार्ड काउंटरवर ठेवलं. आमच्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, ती पिनच नाही म्हटल्यावर त्याने साटाची, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगची, दोन टोकं असलेला कन्व्हर्टर काढून दिला. ‘‘चालतंय की काका, काय होत नाही.’’

होतं. 8 पिनमधून कार्ड 150 वॅटपर्यंत ओढू शकतं. साटाचं एक टोक 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरसाठी बनवलेलं, म्हणजे 54 वॅट. दोन मिळून 108. वरचा लोड कुणी सोसायचा? प्लग तापतो, प्लास्टिक वितळतं. पाच एचपीच्या मोटारीला पंख्याची वायर जोडण्यातलाच हा प्रकार. आणि हा कॉम्प्युटर पोर झोपतं त्या खोलीत असतो.

मदरबोर्डावर कार्ड बसतं तो स्लॉट स्वतः 75 वॅट देतो. तेवढ्यात भागणारी कार्डं मिळतात. आम्ही 6 जीबीचं आरटीएक्स 3050 घेतलं, 70 वॅटचं, वरून वायर न लागणारं. एसएमपीएसही बदलला, कारण इतक्या वर्षांत आतले कॅपॅसिटर सुकत येतात. नव्या एसएमपीएसवर मोठं कार्ड बसलं असतं, पण चार कोअरचा जुना प्रोसेसर त्याला पुरा पडला नसता. तिथे पैसे घालण्यात अर्थ नव्हता. आरएक्स 6500 एक्सटी स्वस्तात मिळत होतं, तेही नाकारलं. ते स्लॉटच्या चारच लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, वापरतं आणि जुन्या बोर्डावर मार खातं.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. जुन्या चिपवर जीटीएक्स 1050 टीआयचं नाव चढवून विकलेली कार्डं बाजारात येऊन गेली आहेत. जीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्रॅम अशी बरीच नकली कार्डं पकडतो. दुकानातच लावून बघा, मग पैसे द्या. अस्सल 1050 टीआय असलं तरी त्याचेही नवे गेम ड्रायव्हर आता बंदच आहेत.

राजारामपुरी, शाहूपुरीतल्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. गिऱ्हाईक पोरगं असलं म्हणून घाई करू नका. कॅबिनेट मागवा, उघडा, एसएमपीएसवरचं लेबल वाचा आणि मगच कार्ड सुचवा. बिलावर कार्डाच्या नावापुढे एसएमपीएस किती वॅटचा आहे आणि कुठली पिन जोडली तेही लिहून द्या. पालकांनीही ते मागून घ्यावं. उद्या वॉरंटीचा वाद निघाला तर दोघांच्याही हातात कागद असेल.

एक मोटार रिवायंडर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर