विचारलं कोणालाच नव्हतं

मा. संपादक,

अवयवदानावरचा तुमचा लेख इथे हॅरोत बसून मोबाईलवर वाचला, चांगला होता, पण सगळा मरणोत्तर दानाचाच. इंग्लंडमध्ये 2020 पासून तुम्ही 'नाही' असं नोंदवलं नसेल तर होकारच धरतात, तरी आपल्या लोकांना किडनीसाठी जास्त थांबावं लागतं. आपल्यात रक्ताचा बी ग्रुप जास्त, देणारे गोरे बहुतेक ओ नाहीतर ए, वर डायबेटिस आणि बीपीने किडन्या जातात त्याही आपल्याच जास्त. मग घरातल्या कोणीतरी जिवंतपणी द्यायची हाच जवळचा रस्ता, आणि नेमकं त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही.

माझे मिस्टर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात, चार चार तास. गणपतीला उकाड्यातही फुल बाह्यांचा शर्ट घालून गेले, हातावरचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून फुगवलेली शीर) दिसू नये म्हणून. कोणी विचारलं तर "जरा ॲसिडिटी आहे". ट्रान्सप्लांटच्या नर्सने विचारलं, घरच्यांना विचारलंत का, तर म्हणाले हो, सगळ्यांना. मी शेजारीच बसलेली. विचारलं कोणालाच नव्हतं. येताना गाडीत म्हणाले, किडनी कशी मागायची गं कोणाकडे, मला हजार रुपये उसने मागायला जमत नाही.

शेवटी मीच सांगलीला नणंदेला फोन लावला. ती आधी माझ्यावरच भडकली, वर्षभर लपवलंत म्हणून, आणि लगेच म्हणाली माझी घ्या. नातेवाईकाला किडनी द्यायला व्हिजिटर व्हिसावर येता येतं, हॉस्पिटलचं पत्र वगैरे लागतं, ते झालं असतं. अडलं शुगरवर. तिकडेच टेस्टमध्ये निघाली, तिला पत्ताच नव्हता. धाकट्या दिरांचंही तेच. मुलगी तयार आहे तर सासूबाई म्हणतात तिचं लग्न व्हायचंय, एका किडनीची मुलगी कोण करून घेईल. माझं नाव निघालं तेव्हा मात्र कोणी हरकत घेतली नाही बरं का! (इंडियातही जिवंतपणी देणाऱ्या बहुतेक बायकाच.)

माझा ग्रुप ए, यांचा बी, आम्हाला वाटलं संपलं. पण इथे अदलाबदलीची स्कीम आहे, माझी दुसऱ्या कोणाला आणि त्यांच्या माणसाची यांना, वर्षातून चारदा कॉम्प्युटरवर जोड्या लावतात. शिवाय ऑपरेशनच्या आधी एक बाहेरचा माणूस देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारतो, कोणी दबाव टाकलाय का, पैसे दिलेत का. दुभाषाही घरचा चालत नाही. म्हणजे सासरच्यांसमोर नाही म्हणता आलं नाही तर निदान तिथे म्हणता येतं.

ओळखीतले एक मिनीकॅब चालवतात. भावाला द्यायची तयारी होती, पण दोन महिने गाडी बंद ठेवली तर हप्ते कुठून भरू म्हणून गप्प बसले. किडनीचे पैसे घेणं गुन्हा आहे, पण देणाऱ्याची बुडालेली कमाई आणि प्रवासखर्च इथे एनएचएसकडून, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडून, मिळू शकतो, फक्त अर्ज आधी करावा लागतो. त्यांना हे कोणी सांगितलंच नाही, इंग्रजी पत्रकात कुठेतरी असेलही. हे एवढं मराठीत छापा ना एकदा, तुमचे इतके वाचक इकडे आहेत.

माझ्या टेस्ट चालू आहेत. मुलीनेही परस्पर फॉर्म भरलाय, सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही आणि त्या तुमचा पेपर रोज वाचतात, तेव्हा नाव छापू नये ही विनंती. तशाही ओळखतील म्हणा.

– एक वाचक, हॅरो, लंडन